पेठेतली पालथी डोण

मी एक जुनी दगडी डोण आहे. मित्रांनो, डोण म्हणजे गुराढोरांना पाणी पाजायचं दगडी कुंड. एवढं फोडून सांगावं लागतं, कारण वडगाव मावळच्या जुन्या पेठेत इतकी वर्षं काढूनही मला डोण म्हणून ओळखणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. त्यात लोकांचीही फारशी चूक नाही. चाळीस वर्षं मी पालथी पडून होते.

जानू नावाच्या पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं. तो छिन्नीनं माझं पोट कोरायचा तेव्हा दुखायचं, पण कोरताना तो गुणगुणायचा, म्हणून मी गप्प राहायचे. काम संपल्यावर त्यानं माझ्यात पाणी ओतलं आणि बराच वेळ वाट पाहिली. थेंबभरही गळलं नाही. तेव्हा तो एकटाच हसला.

मग मी पेठेतल्या विहिरीशेजारी आले. आंदर मावळातून आंबेमोहोराच्या पोत्यांनी लादलेल्या गाड्या यायच्या. गाडीवान आधी बैलांना माझ्यापाशी आणत, मग स्वतः पाणी पीत. माझ्यात आभाळ उतरलेलं असे. बैल तोंड लावायचे की ते हलायचं, आणि मला वाटायचं, आभाळ मीच हलवते आहे. ‘हितलं पानी लय ग्वाड’ असं गाडीवान म्हणत. पाणी विहिरीचं, कौतुक मात्र मी खुशाल स्वतःकडे घ्यायचे.

पुढे टेम्पो आले, बैल यायचे थांबले. विहीर बुजली. माझ्यात शेवाळ धरलं, डास झाले. शेजारच्या विठ्ठल दुकानदारानं चार माणसं लावून मला पालथं घातलं. एकदम अंधार झाला. त्या अंधारात मी स्वप्नं बघायला शिकले. पोटाखालून मुंग्यांची रांग जायची, ती मला भाताच्या गाड्यांची वाटायची.

माझ्या पाठीवर झुंबरबाई बसू लागली. ती आंदर मावळातली. पहिल्या एसटीनं यायची आणि करवंदं, रानभाज्या, पावट्याच्या शेंगा विकायची. गुडघे धरल्यापासून तिला भुईवर बसवत नसे, माझ्या उंचीवर मात्र बरं वाटे. तिची ऊब मला वरून कळायची.

यंदा रस्त्याचं काम निघालं. एका शनिवारी ठेकेदाराचा माणूस पवन आला आणि त्यानं माझ्यावर तांबड्या रंगाची फुली मारली.

“मावशी, सोमवारी मशीन येतंय. हा दगड फुटणार. दुसरीकडं जागा बघा.”

झुंबरबाईनं शेंगांची पाटी जवळ ओढली. मी मात्र घाबरले. फुटल्यावर मी खडी होणार होते. खडीला कसलं आलंय स्वप्न?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत पुष्कळ पावलं वाजली. तळेगावच्या राजेश्वरी बाई, इतिहासाच्या शिक्षिका, पुण्या-लोणावळ्याच्या वीसेक मंडळींना जुनी पेठ पायी फिरवून दाखवत होत्या. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या.

“मावशी, जरा उठता का? सगळ्यांना हा दगड दाखवायचाय.”

झुंबरबाई कण्हत उठली. बाई सांगू लागल्या, “सरदार याच दगडावर पाय ठेवून घोड्यावर चढायचे.”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. माझ्यावर कुणी सरदार कधी चढला नव्हता. पण ऐकायला किती छान वाटत होतं! मोजमापाला आलेला पवनही ऐकत उभा होता. तो म्हणाला, “सरदाराचा असंल तर फोडाय नको. साहेबांना सांगून थांबवतो.”

वाचले! मी मनात सरदाराला मुजरासुद्धा केला. तेवढ्यात झुंबरबाई बोलली.

“न्हाई ओ बाई. सरदार कुटला? ही बैलांची डोण हाय. पालथी घातलीया.”

मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं पाठीवर बसवून घेतलं, त्याचे हे पांग फेडले?

“नक्की?” राजेश्वरी बाईंनी विचारलं.

“व्हय. माझा बा गाडी घिऊन यायचा. मी पोत्यावं बसून यायची.”

“मग काय, साधी डोणच की,” पवन म्हणाला. “उद्या फुटंल.”

“फोड. पर आधी सरळ करून बघ. ज्या बैलांनी पानी पेलं, त्यांचं नाव पुसून सरदाराचं कशापायी लावायचं?”

पवननं पहार घातली, मंडळींनी हात लावले आणि मी उलटले. केवढा उजेड! चाळीस वर्षांनी मला आभाळ दिसलं आणि मी सगळा राग विसरले. माझ्या काठावर बैलांच्या दाव्यांच्या घसटीनं खोल चर पडले होते. पवननं त्यातल्या एकात हात घातला. अख्खा पंजा आत बसला.

“बैल पानी पिताना बा अशी शीळ घालायचा,” झुंबरबाई म्हणाली आणि तिनं ओठ मुडपून बारीक, लांब शीळ घातली.

राजेश्वरी बाईंनी हातातल्या कागदावरची ओळ खोडली. “ऐकीव गोष्ट मी न तपासता सांगितली. चुकलं माझं,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. पवननं पुन्हा टेप लावला, डोकं खाजवलं आणि रस्त्याची रेघ दोन फूट पलीकडे मारली.

“पण मावशी, आता तुम्ही बसणार कुठं?” राजेश्वरी बाईंनी विचारलं.

“भुईवर. भुई काय कुनी फोडतंय व्हय?”

अशी मी वाचले. आता दर रविवारी राजेश्वरी बाई नवी मंडळी घेऊन येतात आणि माझी खरी गोष्ट सांगतात. लोक माझ्या चरांवरून हात फिरवतात, झुंबरबाईला शीळ घालायला लावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. ते गेल्यावर ती माझा काठ धरून उठायला बघते. काल दोनदा तिला उठता आलं नाही. मी दगड, मला हात देता येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना खोट्या मोठेपणाची झूल घालू नका, त्यांनी केलेलं काम विचारा. आणि वडगावच्या पेठेत आलात, तर मला हार नको, पाटी नको. झुंबरबाईसाठी एक उंच स्टूल घेऊन या.