जत्रेत गायलेलं खुराडं

संजीवनीचा आवाज पहिल्यापासूनच दांडगा. ती वावरातून हाक मारायची तर माळशेजच्या रस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायचा, असं तिच्या गावात, वैशाखऱ्यात, सांगतात. थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही. या आवाजाचं करायचं काय, ते मात्र कोणाला उमगत नव्हतं. भजनी मंडळात घेतली तर बाकीच्यांचं भजनच ऐकू येईना. मग मुरबाडच्या कॉलेजात तिला गिटारवाला धनेश भेटला, त्याच्या ओळखीने आसनगावचा ड्रमवाला दीपेश, आणि दीपेशच्या काकाच्या रिकाम्या पोल्ट्रीत तिघांचा रॉक बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'खुराडं'. कोंबड्यांचा वास काही केल्या गेला नाही, पण शेजाऱ्यांची कटकट तरी नव्हती.

बँड चालला. कसा चालला म्हणता! पुण्यात पोरं तिची गाणी तिच्याआधी म्हणायला लागली, आणि बंगळुरूत, जिथे मराठीचा गंध नाही, तिथेही लोक नाचले. गाणी ती स्वतः लिहायची, घरात बोलते त्याच बोलीत. स्टेजवर केस मोकळे सोडायची, मान गरागरा फिरवायची आणि शेवटच्या कडव्याला अशी आरोळी ठोकायची की साउंडवाला आधीच कानांवर हात ठेवून बसायचा. भीती म्हणजे काय ते बाईला ठाऊकच नव्हतं.

भीती होती ती तिच्या बापाला, लडकूला. पोरीचं गाणं त्याने समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. गावात कुजबुज व्हायची, पोरगी केस सोडून बाप्यांत नाचते, आणि हा मान खाली घालून घरी यायचा. शेवटी एकदा म्हणाला, "यंदा गावदेवीच्या जत्रंत गा. गावासमोर. गाव हसलं, तर पुन्ना त्या शेडात पाय ठेवायचा नाय."

"आनि नाय हसलं तर?"

"मंग तुझी तू मुखत्यार."

"ठरलं," संजीवनी म्हणाली. ही अट कळल्यावर कपाळाला हात लावला तो धनेशने.

जत्रेला ऊन उतरलं, कुस्त्या आटोपल्या आणि 'खुराडं' देवळासमोरच्या स्टेजवर चढलं. लोकांना वाटलं ऑर्केस्ट्रा आलाय, आता हळदीची गाणी होणार. पहिल्याच गाण्याला माणसं वडापावच्या गाडीकडे सरकली. दुसऱ्याला पोरांनी शिट्या मारल्या, त्याही काही कौतुकाच्या नव्हत्या. संजीवनीने धनेशला खूण केली आणि हुकमी गाणं काढलं. केस सुटले, मान फिरायला लागली, आणि ती आरोळी उठली.

वडापावच्या गाडीकडची माणसंही वळली.

"आये गो!" पुढे बसलेली तिची आत्या हिराबाई उठून उभी राहिली. "पोरीच्या अंगात आली!"

आता यात हिराबाईचं तरी काय चुकलं? मोकळे केस, घुमणारी मान, बेंबीच्या देठापासूनची आरोळी, वर समोर देऊळ! वैशाखऱ्यात याचा दुसरा अर्थ कोणी कधी लावलाच नव्हता. बायका धावल्या. कोणी खण आणला, कोणी नारळ. हिराबाईने स्टेजवर चढून भाचीच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला आणि हात जोडले. "बोल आये, काय चुकलं आमचं?" शिट्या मारणारी पोरं चपला काढून उभी राहिली.

"गप रहा संजू," धनेश कानाशी पुटपुटला. "म्हनू दे देवी. जिंकलो आपन."

खरंच होतं ते. देवीला हसायची कोणाची छाती? नुसतं गप्प राहिलं की झालं, गाव जन्मात तिच्या केसांबद्दल ब्र काढणार नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. लडकू स्टेजवर आला, टोपी काढली, आणि पोरीच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

 संजीवनीने दंडांना धरून त्याला उभं केलं. रागही आला, अस्सा राग! इतकी वर्षं घसा फोडून कमावलेला आवाज, आणि सख्ख्या बापाने पहिल्यांदा ऐकला तो दुसऱ्याचा समजून?

तिने माइक ओढला. "आत्या, माझ्या अंगात कोन नाय आलं. देवी देवळात हाय. ह्यो आवाज माझा हाय. लडकूच्या संजीचा."

गर्दीत चुळबुळ झाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. हिराबाईचा चेहरा लालेलाल. "तुझा ना? मंग काढ परत. शुद्धीत काढून दाखव."

संजीवनीने केसांचा घट्ट अंबाडा बांधला. पाय जुळवले, मान ताठ धरली. गिटार नाही, ड्रम नाही. बापाच्या डोळ्यांत बघत, पापणीही न हलवता, तिने तीच आरोळी काढली, मघाच्यापेक्षाही लांब, आणि मनात आलं तिथे अगदी अलगद थांबवली.

जोडलेले हात एकेक करून सुटले. आता हसायचं की काय करायचं, ते कोणालाच कळेना; सगळे लडकूकडे बघायला लागले. त्याने ओले डोळे टोपीने पुसले, टोपी डोक्यावर चढवली आणि गावाकडे तोंड केलं.

"उभी काय ऱ्हायलाव? बसा खाली सारी," तो ओरडला. "माझी पोर गातेय!"