टॉवेल-टोपीचा सिनेमा

सत्यमनं क्रांती चौकाजवळ व्हिडिओचं दुकान टाकलं, तेव्हा त्याच्याकडं एक कॅमेरा, एक ड्रोन आणि पैठणच्या बाजूला दोनशे नातेवाईक होते. ड्रोन पहिल्याच महिन्यात चिंचेत अडकला. धंदा नातेवाईकांवर उभा राहिला.

म्हणूनच नात्यातल्या काकासाहेबांच्या थोरल्या लेकीच्या, तनुजाच्या लग्नाची फिल्म त्यानं जीव ओतून केली. अठरा मिनिटं. सावकाश उडणारी हळद, नवरीचे डोळे, जायकवाडीचं पाणी. मंडपात पाव्हण्यांना माइकवरून नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात, तो सव्वा तासाचा कार्यक्रम त्यानं नुसता कापला नाही, जागा खातो म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डातूनही पुसून टाकला.

फिल्म पोचली आणि तिसऱ्या दिवशी काकासाहेब मेहुण्याला घेऊन दुकानात हजर. हे मेहुणे म्हणजे तनुजाचे रामकिसनमामा. अठरा मिनिटं त्यांनी पुन्हा बघितली.

“माझी टोपी कुठंय?”

“मामा, वरातीत हायेत की तुम्ही. पाठमोरे.”

“टोपी पाठीला घालत्यात व्हय?”

काकासाहेब म्हणाले, “शहाऐंशी पाव्हणे म्हणायलेत, काकासाहेबानं मान केलाच नाय. धाकटीचं लग्न तुलाच देणार व्हतो, सत्यम. आता सहा गावांत तुला कुणी मंडपात उभं करायचं नाय.”

सत्यमनं क्षणभर विचार केला. त्याला तेवढाच पुरतो.

“पुन्हा घेऊ.”

“लग्न?”

“सत्कार. त्याला लग्न कशाला लागतंय?”

रविवारी काकासाहेबांच्या अंगणात मंडप पडला. लग्नातलेच कपडे घालून या, असा निरोप होता. शहाऐंशीचे एकशे एकतीस झाले. लग्नात ज्यांचं नाव पुकारायचं राहिलं होतं ते सर्जेराव सकाळी सातलाच पहिल्या खुर्चीवर. मामांनी मधल्या काळात मिशी काढली होती. तनुजाच्या मंजुषाआत्यानं ती काजळानं परत लावली. नवरा-नवरी पुण्याला होते. त्यांची आठवणही कुणी काढली नाही.

“रामकिसनमामांनी पुन्हा एकदा...” माइकवाल्यानं सुरुवात केली.

“पुन्हा नको म्हणू!” सत्यम ओरडला.

नाव ऐकून मामांनी चकित व्हायचं होतं. पहिल्या खेपेला ते कमी झाले, दुसऱ्या खेपेला लई झाले. तिसऱ्या खेपेला खरंच रडले आणि अर्धी मिशी वाहून गेली. सत्यमनं तेच ठेवलं.

तेवढ्यात काकासाहेबांच्या आई, चतुराबाई, कॅमेऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. “अन् आमच्या ओट्या?”

सत्यमनं नवं कार्ड टाकलं.

फिल्म पावणेचार तासांची झाली. मारुतीच्या पारावर पडदा बांधून ती गावाला दाखवली. एक माणूस उठला नाही. आधी जो तो स्वतःच्या नावाची वाट बघत होता. नाव येऊन गेल्यावर शेजाऱ्याचा टॉवेल आपल्यापेक्षा मोठा आहे का, ते बघायला थांबला.

दुसऱ्या सकाळी काकासाहेबांचा फोन आला.

“धाकटीच्या सत्काराची तारीख धर, सत्यम. दोन कॅमेरे आण.”

“अन् लग्न कधी, काका?”

“लोकं जमलेलीच असत्यात. त्याच दिशी उरकू.”