पाच मिनिटांवरचं कार्पाथोस

मारिगोने वजनकाट्यावर पिशवी ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतःही चढून उभी राहिली.

"मावशी, वजन पिशवीचं करायचंय, तुझं नाही," मिनास म्हणाला. "तुला उचलायची ताकद आहे आमच्या विमानात."

ग्रीसमधल्या कासोस बेटाच्या विमानतळावर तिकीट बघणारा मिनासच, पिशव्या वाहणारा मिनासच आणि विमान सुटताना आगीच्या बंबापाशी उभा राहणाराही मिनासच. वाऱ्याने तीन दिवस बोट बंद पाडली होती. आज सकाळी वारा जरा पडला, म्हणून विमान तेवढं निघत होतं. आणि दुपारी पलीकडच्या कार्पाथोस बेटावर अर्गिरोचं लग्न होतं.

अर्गिरो ही मारिगोच्या धाकट्या बहिणीची, कालीओपीची नात. बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता झाली होती मारिगो, त्यामुळे लग्नात नवरानवरीच्या डोक्यांवरचे मुकुट अदलाबदल करायचा मानही तिचाच. मुकुट तिच्या पिशवीत होते. ती पोचली नाही तर लग्न अडणार होतं.

मारिगोला विमानाची भारी धास्ती. चार वर्षांपूर्वी कालीओपी गेली तेव्हाही बोट बंद होती, आणि विमानात पाय ठेवायचा हिला धीर झाला नाही. बहिणीला माती द्यायचं राहून गेलं. हे ती कुणापाशी बोलत नसे, पण जेवताना मध्येच तिचा घास हातात राही.

प्रवास म्हटला की शिदोरी आलीच. रात्री बसून तिने द्राक्षाच्या पानांत भात भरून करंगळीएवढ्या बारीक गुंडाळ्या केल्या होत्या. विमान उडालं. तिने डोळे मिटून आठवतील तेवढ्या संतांची नावं घेतली, मग जरा सावरून डबा उघडला. पहिली गुंडाळी तोंडात गेली नाही तोच विमानातली मुलगी आली.

"आजी, डबा मिटा. उतरतोय आपण."

मारिगोला वाटलं, विमान कासोसलाच परत आलं. वाऱ्याला भिऊन विमान माघारी फिरल्याच्या गोष्टी तिने कितीदा ऐकल्या होत्या. चाकं टेकली, माणसं उठली, ही मात्र ठाण मांडून बसली.

"मी उतरणार नाही. तिकीट कार्पाथोसचं काढलंय. एवढ्याशा वाऱ्याला माघारी फिरता, लाज नाही वाटत?"

"अहो, हे कार्पाथोसच आहे."

"मला शिकवू नकोस. बोटीला दीड तास लागतो. आत्ता तर निघालो."

अखेर वैमानिक आला. त्याने वाकून खिडकीबाहेर बोट केलं आणि अंतर पाच मिनिटांचंच असल्याचं सांगितलं. कुंपणापलीकडे अर्गिरो उभी होती, केसांना कुरळे करायच्या नळ्या लावलेल्या तशाच, दोन्ही हात हलवत.

मारिगोने पट्टा सोडला, पण तिला उठवेना. एवढंच होतं? तिला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं. त्या मुलीने पाणी आणून दिलं.

बाहेर अर्गिरोने मिठी मारली. "घाबरलीस का गं आजी?"

"घाबरायला वेळ कुठे दिला मेल्यांनी." मारिगोने डोळे पुसले. "मला आधी कबरस्तानात सोड."

"अगं, पाद्रीबाबा थांबलेत तिकडे. माझे केस व्हायचेत."

"तू जा केस करायला. बाबा थांबतील. मुकुट माझ्यापाशी आहेत."

कालीओपीच्या कबरीवर वाऱ्याने आणलेली माती साचली होती. मारिगोने लग्नाचा नवा रुमाल काढून ती पुसली आणि कडेला टेकली.

"आले गं," ती म्हणाली. "चार वर्षं लागली मला."

खाली देवळाची घंटा वाजू लागली. मारिगो अजून थोडी बसली.