मशीनमधला रेवजी

सकाळी साडेदहाला वत्सलाबाईने सांगितलं, हा आवाज आपल्या नवऱ्याचा नाही.

ओसरीवर टेपची चाकं फिरत राहिली, आणि चार महिन्यांपूर्वी वारलेला रेवजी भजनाचं दुसरं कडवं म्हणत राहिला. नंदुरबारचा रेडिओवाला चुनीलाल मशीनपाशी गुडघे टेकून बसला होता. त्याने मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुपडूकडे. सुपडू तिचा धाकटा दीर, कळसाडीच्या भजनी मंडळाचा कारभारी. मंडळासाठी हे आवाज मोठा करणारं मशीन घ्यायचं की नाही ते त्याच्या हातात होतं, आणि त्याने ते भावजयीवर सोपवलं होतं.

"भाभी, नीट आयका," तो म्हणाला. "घाई नही शे."

"आयकं ना मी. हाऊ त्यासना आवाज नही."

"मंग कोना शे?"

"ते माले काय माहीत."

दाराच्या चौकटीला टेकून बसलेली थोरली नणंद दगूबाई मशीनकडे बघत नव्हती. ती वत्सलाबाईचे डोळे बघत होती. डोळे कोरडे होते.

हा १९६६ चा डिसेंबर. रेवजी श्रावणात काविळीने गेला, आणि तेव्हापासून वत्सलाबाई एकदाही रडली नव्हती. प्रेत अंगणात ठेवलं तेव्हा नाही, बांगड्या फोडल्या तेव्हा नाही. दहाव्याला माहेरच्या बायका गळ्यात पडून आक्रोश करू लागल्या, तर ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. पहिला महिनाभर गावाने तिला खंबीर म्हटलं. मग काळजी केली. कापूस फुटायला लागला तेव्हा नावं ठेवायला सुरुवात झाली. दगूबाईचं म्हणणं साधं होतं. रडू आत राहिलं की ते डोक्यात चढतं. तिच्या सासरी एका बाईला असं झालं होतं आणि ती पुढे विहिरीशी बोलत बसायची.

वत्सलाबाईची भीती वेगळी होती आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. ती म्हशीचं दूध काढत होती, वेचणीला बायका लावत होती, उसाच्या पाण्याची पाळी सांभाळत होती, आणि आत मात्र रात्रभर अंगाखाली दबलेल्या हातासारखं होतं. हात आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाबद्दल आपल्या पोटात काही नव्हतंच की काय? एकदा रडू आलं असतं तर निदान तेवढं कळलं असतं.

टेपवरच्या फितीची गोष्ट अशी. आदल्या वर्षीच्या गोकुळाष्टमीला चुनीलालने नवा टेपरेकॉर्डर देवळात आणला आणि नवलाई म्हणून रेवजीचं भजन त्यावर भरून घेतलं. नंतर रेवजी गेला. नवरात्रात मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरचा, म्हणजे भोंग्यामागच्या मशीनचा, ट्रान्सफॉर्मर जळाला. नवं मशीन दाखवायला यायचं म्हणून चुनीलालने निरोप पाठवला, तेव्हा ती फीत आपल्याकडे आहे असंही कळवलं. सुपडूने देवळाच्या पायरीवर बसून मंडळाला सांगितलं, "भाईना आवाज लावूत. भाभीले रडू उनं, तर समजानं मशीन खरं." तिन्हीसांजेपर्यंत ही परीक्षा गावाला पटली होती. यात काही विचित्र आहे असं कोणालाच वाटलं नाही. चुनीलालला किंचित वाटलं, पण त्याने याहून नवलाच्या परीक्षा पाहिल्या होत्या. नवापूरच्या एका गिऱ्हाइकाने तीन रेडिओ हातावर तोलून सर्वांत जड तो घेतला होता.

मशीन तसं देखणं होतं. सागवानी खोका, पुढे चार बटणं, आणि मागच्या जाळीतून दिसणारे चार काचेचे व्हॉल्व, निखाऱ्यावर राख धरावी तसे मंद लाल. सुरुवातीचं काम ट्रान्झिस्टरवर चालायचं, शेवटचा जोर व्हॉल्व लावायचे. दोन्ही जातींचं एका खोक्यात.

"नुसता ट्रान्झिस्टर कोरडा बोलस," चुनीलालने सकाळीच समजावलं होतं. "नुसता व्हॉल्व गोड, पन घूं करस. हाई दोन्ही शे. गोडबी, साफबी."

"म्हनजे आंतरजातीय," सुपडू म्हणाला होता.

"तसंच समजा. पन घरमां कटकट नही."

आणि आवाज खरोखर साफ होता. मशीनला जोडलेल्या लाकडी स्पीकरमधून रेवजीचा श्वास ऐकू येत होता. ओळ संपताना ओठ मिटल्याचा बारीक आवाज, सुरात शिरण्यापूर्वीची क्षणभराची चाचपणी, मागच्या मृदंगावर हात घासल्याची खरखर. सुपडू स्पीकरसमोरच्या जागेकडे हात करून म्हणाला, भाई आठेच बठेल शे. दगूबाईने पदर डोळ्याला लावला. जिने रडायला हवं होतं ती सोडून सगळ्यांना भरून आलं.

चुनीलालने फीत मागे घेतली. "काकी, जाड करू का जरा?"

त्याने एक बटण फिरवलं. रेवजी विहिरीतून म्हणू लागला.

"आते?"

"नही."

"बारीक?"

रेवजीला सर्दी झाली.

"मघानं बरं व्हतं," वत्सलाबाई म्हणाली. भाजीत मीठ किती, हे सांगावं तसं ती सांगत होती. चुनीलाल दोन्ही बटणं थोडी इकडे, थोडी तिकडे करत राहिला. शिंप्याने बाही सोडावी, पुन्हा धरावी, तसं चाललं होतं. मध्येच टेपमध्ये रेवजी खोकला.

"खोकला त्यासना शे," ती म्हणाली.

"आन आवाज?"

"आवाज नही."

सुपडूने कपाळावर हात मारला. "अरे भाभी, खोकला त्यासना शे, मंग आवाज काय शेजारीना शे?"

दगूबाई हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला.

वत्सलाबाई खोटं बोलत नव्हती. हा कोणीतरी गळा तयार असलेला, दमदार, जरा दमलेला माणूस होता. तो तिच्यासमोर हाताच्या अंतरावर बसून गात होता, आणि तिच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. गुजरांच्या त्या घरात सुना पुरुषांच्या भजनाला जाऊन बसत नसत. रेवजी घरात गुणगुणतही नसे. वडील ओसरीवर असायचे, ते गेल्यावरही सवय राहिली. घरात तो दोन-चार शब्द बोले, तेही भिंतीकडे बघून. गायचा तो देवळात, आणि देवळावरच्या भोंग्यातून ते सगळ्या गावावर पसरायचं. वत्सलाबाईने बावीस वर्षं नवऱ्याचं गाणं चुलीपुढे बसून ऐकलं होतं. ते छपरांवरून यायचं, वारा असला तर मधले शब्द नेऊन, पातळ, पत्र्याच्या धारेसारखं. त्याआधी भोंग्यात जुन्या मशीनची घरघर सुरू व्हायची. ती सुरू झाली की आता हा गाणार, हे तिला कळे, आणि तवा उतरवून ती हात मोकळा करून बसे. एवढं तिने त्याच्यासाठी केलेलं तिला आठवत होतं. बाकी सगळं घरासाठी केलेलं होतं.

हे तिला आत्ता, चुनीलाल बटणं फिरवत असताना कळलं. तिने एवढंच म्हटलं, "भोंगावर लावा."

चुनीलालने हात बटणावरून काढला. "काकी, भोंगावर गाढवबी सारखंच आन मानूसबी सारखंच. मशीनना गुन काय दिसी?"

"माले गुन नही पाहाना."

"तिले आयकू दे ना," दगूबाई म्हणाली.

चुनीलाल कुरकुरला. श्वास, ओठ, मृदंगाची खरखर, ज्यासाठी हे मशीन होतं ते सगळं भोंगा खाऊन टाकणार होता. पण विकायचं होतं. त्याने आणि सुपडूने मशीन आणि टेप उचलून देवळात नेलं, भोंग्याच्या तारा जोडल्या. त्याला अर्धा तास लागला. वत्सलाबाई तेवढ्यात आत जाऊन चुलीपुढे बसली. कोणी सांगितलं नव्हतं. तिने पीठ घेतलं, पाणी घातलं, भाकरी थापायला लागली. दगूबाई मागच्या दारात उभी राहिली.

घरघर आली नाही. नव्या मशीनला ती नव्हतीच. हाच त्याचा मोठा गुण होता. त्यामुळे आवाज एकदम आला, तव्यावर भाकरी असताना आणि हात पिठात असताना.

तो रेवजी होता. यात शंका घ्यायला जागा नव्हती. पहिल्या ओळीच्या अर्ध्यातच तिने ओळखलं. छपरांवरून आला, वाऱ्याने एक शब्द नेला, पुढचा आणून टाकला. पातळ, धारदार, लांबचा. बावीस वर्षं जो रोजच्या कामात मिसळलेला होता, तोच. ती थांबली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. भाकरी एका बाजूने करपली, तिचा वास आला. तिने ती उलटली, फुगली नाही म्हणून फडक्याने दाबली. दुसरं कडवं आलं. तिसरं आलं. तो तिथे होता आणि ती इथे होती, आणि मधल्या जागेत काहीही हललं नाही.

भजन संपलं तेव्हा दगूबाई आत आली.

"वळखा?"

"हा. तेच शेतस."

"मंग?"

वत्सलाबाईने पुढचा गोळा हातात घेतला. दगूबाईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग पदर सावरून देवळाकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते घरात ऐकू आलं नाही. पण परतताना तिघेही बोलत आले, आणि ते भिंतीमागून स्पष्ट ऐकू आलं.

"रडनी का नही, तेवढं सांग," सुपडू म्हणत होता.

"नही. पन वळखं म्हने."

"वळखानी अट नव्हती."

"सुपडूभाऊ, वळखं म्हनजे मशीन पास," चुनीलाल म्हणाला. "रडानी गॅरंटी कोनतीच कंपनी देत नही."

"मंडळले काय सांगू? भोंगावर गाढव आन मानूस सारखंच, हाई तूच बोलना ना?"

शेवटी असं ठरलं की मशीन आणि टेप सोमवारपर्यंत वत्सलाबाईच्या ओसरीवर ठेवायचं, मंडळ बसेल आणि काय ते ठरवेल. चुनीलालने जेवायला नकार दिला, मग दोन भाकरी खाल्ल्या. करपलेली कोणी त्याच्या ताटात वाढली नाही. ती वत्सलाबाईने स्वतः खाल्ली.

शहाद्याच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो पायरीवर चपला घालत होता. वत्सलाबाई आतल्या दारापाशी आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने विचारलं, "चुनीलालभाई, त्या फीतवर आखो काही शे का?"

"भजन सरनं की सरनं." मग त्याने आठवून पाहिलं. "थोडं बोलनं व्हई. मशीन बंद कराले मी विसरी गयथू. मंडळी उठी ऱ्हायनी व्हती, चहा-पानी चालू व्हतं."

"कोन बोलस त्यामां?"

"आयकं नही, काकी. कोनी असतीन."

त्याने तिला दाखवलं, कोणतं बटण दाबायचं आणि चाक थांबलं की हात लावायचा नाही. तिने दोनदा विचारून घेतलं. दगूबाई म्हणाली, आत्ताच लाव. वत्सलाबाई म्हणाली, वेचणीच्या बायका शेतात एकट्या आहेत, आणि डोक्याला फडकं बांधून निघाली.

सोमवारी सकाळी मंडळाची बैठक भरायची होती तेव्हा मशीन ओसरीवरच होतं, त्यावर एक धुतलेला पंचा घातलेला. फीत भजन संपतं तिथे थांबलेली होती. त्यापुढचं चहा-पाण्याचं बोलणं, त्यात रेवजी असेल वा नसेल, कोणी लावलं नव्हतं.