चिंचोळ्या गणपतीपाशी

मौन धरण्यात तिल्लैनायगम मास्तरांचा तोटा काहीच नव्हता. मेहुण्याचा फोन घ्यायला नको, घरमालकाशी पाण्यावरून भांडायला नको. कॉफीत साखर कमी पडली तर नुसत्या भुवया उचलल्या की काम भागायचं, वर येणारेजाणारे वाकून नमस्कार करायचे. आणि एवढं करून ‘मी कोण’ ह्या प्रश्नाचं उत्तर सापडलंच, तर ती निव्वळ कमाई. उभी हयात मदुराईच्या शाळेत पोरांना “गप्प बसा” म्हणण्यात गेली. निवृत्तीनंतर तिरुवण्णामलैला डोंगराच्या पायथ्याशी खोली घेऊन मास्तर स्वतःच गप्प बसले.

खर्च सगळा त्यांच्या बायकोच्या, पूंगावनम बाईंच्या नावावर पडत होता. सकाळी इडली, दुपारी रसम-भात आणि बोलायला समोर एक पाटी. त्या दिवशी पाटीवर मास्तरांनी लिहिलं, ‘नाव खोटं, नातं खोटं.’

बाईंनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“अस्सं? मग मी कुणाची कोण म्हणून इथं पीठ वाटत बसलेय? अहो, आपली लेक मलर केव्हाची बोलावतेय कोइम्बतूरला. तिथं नातवंडं निदान ‘आजी’ म्हणून हाक तरी मारतील. शुक्रवारी निघते. परत येईन असं धरून चालू नका.”

मास्तरांनी भुवया उचलल्या. ह्या खेपेला काम भागलं नाही.

“जायच्या आधी डोंगराची एक प्रदक्षिणा घालू, दोघांनी. तेवढं तरी करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले, अनवाणी. बाई पुढे, वाटेतल्या सुंठीच्या कॉफीवाल्याची सुद्धा विचारपूस करत. मास्तर मागे, आतल्या आत विचारत: हिच्या जाण्याचं वाईट कुणाला वाटतंय? मला. मी कोण? विचारत होते खरे, पण शाळेत हजेरी घ्यावी तसे. एकाचं ‘हजर’ ऐकायच्या आत पुढचं नाव.

वाटेवर चिंचोळा गणपती लागला, एवढंसं दगडी देऊळ आणि आत माणूस जेमतेम मावेल अशी बोळकांडी. मागच्या भोकातून शिरायचं, कुशीवर होऊन सरपटत पुढून निघायचं. कंबरदुखी जाते आणि पुन्हा आईच्या पोटी यावं लागत नाही, म्हणतात. बाई पाण्यासारख्या निघून गेल्या. पाठोपाठ मास्तर शिरले आणि ध्यानाला बसून बसून वाढलेलं पोट नेमकं वळणावर अडलं. पुढे सरकेना, मागे येईना.

“आत कोण आहे हो?” मागून रांग ओरडली.

“मामा, झोप लागली काय? आम्हालाही मोक्ष हवाय!”

पुढच्या तोंडाशी फुलवाली धावली. “तुमचेच यजमान ना, अक्का? नाव सांगा. नावानं हाक मारली की माणूस धीर धरतो.”

लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव बाईंच्या ओठांवर आलं नव्हतं.

“मलरचे बाबा.”

“ते नातं झालं. नाव?”

“हेडमास्तर होते.”

“तो हुद्दा झाला, अक्का!”

“अगं, चिदंबरमच्या देवाचं नाव आहे त्यांचं.”

“नटराजन!” फुलवालीनं परस्पर ठरवून टाकलं, आणि अख्खी रांग ओरडायला लागली, “नटराजन, घाबरू नका! नटराजन, हात पुढे करा!”

आत मास्तर चिडले. मी नटराजन नाही! देव तोच, पण नाव दुसरं! ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव खोटं, असं लिहिणारा हाच ना? मग चुकीच्या नावाचा एवढा राग आला कुणाला?

ह्या वेळी उत्तराची वाट बघणं भाग होतं. जायला दुसरी जागाच नव्हती. त्यांनी आत पाहिलं. हेडमास्तर नव्हते. मौनी बाबाही नव्हते. गार दगड, थोडा अंधार, श्वास. रागावलेला माणूस शोधूनही सापडेना, आणि त्या रिकाम्या जागेत भीतीसुद्धा नव्हती. होती ती माया. पण कुणाची, ते कळेना. तिथूनच एक हाक उगवली.

“पूंगावनम!”

बाहेर बाईंनी पदर खोचला, भोकात डोकं घातलं आणि सगळ्या रांगेदेखत ओरडल्या, “तिल्लैनायगम! श्वास सोडा! डावा खांदा आधी!”

स्वतःचं नाव त्या आवाजात ऐकून मास्तरांना हसू फुटलं. हसताना श्वास सुटला, पोट बसलं, आणि मास्तर खरचटत बाहेर आले.

पायरीवर बसवून बाईंनी खरचटलेल्या जागी विभूती दाबली. “मग? सापडला का तो तुमचा ‘मी’?”

“गेलो तर घरी कुणीच नव्हतं,” मास्तर म्हणाले. आवाज गंजला होता. “तरी आतून तुझ्या नावाची हाक आली.”

“मारली कुणी?”

“तेच बघायचंय अजून. शुक्रवारी जाऊ नकोस.”

“आणि पीठ कोण वाटणार?”

“मी.”

“मी कोण? नीट सांगा.”

“तिल्लैनायगम,” मास्तर निमूटपणे म्हणाले.

हिशोब तिथंच मिटला. मास्तरांचं मौन गेलं आणि पोटाचं थोडं कातडं. बाईंचं लग्नापासून जपलेलं एक नाव खर्ची पडलं आणि शुक्रवारची गाडी. गणपतीनं कुणाकडून काही घेतलं नाही. आणि जगात कुठं तरी असलेल्या एका नटराजनच्या खात्यावर अख्ख्या रांगेनं दिलेला धीर फुकटात जमा झाला.