साधनांची यादी

सरांनी सांगितलं म्हणजे झालं, असा रुद्राणीचा स्वभाव. बालवाडीत बाईंनी बोट ओठावर ठेवायला सांगितलं तर ही पोर घरी येऊन जेवतानाही बोट काढायची नाही. आता एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आली, तरी त्यात फारसा फरक पडला नव्हता. फक्त बाईंच्या जागी सर आले होते.

या सरांनी वीस मार्कांचं एक काम दिलं होतं. कुठलाही प्रकल्प घ्या, त्याला माणसं किती लागतील, सामान काय लागेल, खर्च किती येईल आणि कुठल्या दिवशी काय होईल, ते कागदावर मांडा. इथवर ठीक होतं. पण सरांना आपली शेपटं जोडायची हौस. तारखा खऱ्या पाहिजेत, हे एक. कागद मराठीत पाहिजे, हे दुसरं. "ज्यांनी काम करायचं त्यांना वाचता येत नसेल, तर तो आराखडा काय चाटायचा?" असं ते म्हणायचे. आणि शेवटी, काम अंगावर घेणाऱ्या पाच माणसांच्या सह्या.

जोडीला सोनाली होती. तिच्या काकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, म्हणून जुने माग काढून नवे बसवायचा आराखडा करू असं ठरलं. दोघी गेल्या. काकांनी चहा पाजला, दोघींना दोन-दोन टॉवेल दिले, आकडा मात्र एकही दिला नाही. आपले दोन टॉवेल पिशवीत घालून सोनाली रिक्षात बसली आणि म्हणाली, "तू काहीतरी लिही, मी पानं जोडते." तिने एवढं तरी सांगितलं म्हणून रुद्राणीला बरंच वाटलं, यावरून तिचा भाबडेपणा ओळखावा.

पाच दिवस उरले होते. रात्री ताट पुढे घेऊन ती विचार करत बसली, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिला सुचलं, लग्न! मागच्या वर्षी चुलतबहिणीचं झालेलं. आचारी, मांडव, हुग्गीच्या खिरीचे खपली गहू, सगळं घरातल्या घरात विचारता येईल. तारीख तेवढी या वर्षाची घातली की झालं.

तिने जेवतानाच विचारलं, "अप्पा, हजार माणसांना हुग्गी करायची तर गहू किती लागतो?"

अप्पा म्हणजे तिचे वडील, गुरुशांत. मार्केट यार्डात त्यांचं बारदानाचं दुकान. दिवसभर पोती मोजणारा हा माणूस घरी मोजकंच बोलायचा. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि तिच्या आईकडे पाहिलं. आईला ती अव्वा म्हणायची. अव्वाने अप्पांकडे पाहिलं.

"सांगतो की," अप्पा म्हणाले. "लिहून घे."

आणि त्या रात्रीपासून घराला जे भरतं आलं, ते काही विचारू नका. अव्वा दुपारची झोप सोडून तिच्याजवळ येऊन बसायची आणि सांगायची, लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींना चार दिवस आधी कळवायचं, आचाऱ्याला महिनाभर आधी. अप्पांनी कार्यालयांचे भाव स्वतः फोन करून आणले. अक्कलकोटहून सिद्धप्पामामा फोनवर मांडवाचे खांब मोजून सांगत होते. कधी नव्हे ते अप्पा जेवताना गुणगुणायला लागले. शिक्षणाची केवढी ही आवड, असं मनात म्हणून रुद्राणी त्यांच्यावर जीव ओवाळत होती. वीस मार्कांनी डोळ्यांवर झापड आली, की समोरचं दिसत नाही.

नाहीतर तिला मोडनिंबचं स्थळ आठवलं असतं.

मोडनिंबच्या नागप्पांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. मुलगा गुरुलिंग. दिवाळीत मामांनीच स्थळ आणलेलं. मुलगा पाहून गेला, नाव ठेवावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण पुण्याच्या एका कंपनीने रुद्राणीला कॉलेजात येऊन निवडलं होतं, दोन जूनला हजर व्हायचं होतं. "माझी परीक्षा होऊ दे," एवढंच ती म्हणाली होती. नाही म्हणायचं धाडस नव्हतं आणि हो म्हणायचं मन नव्हतं, त्यामुळे परीक्षेच्या पाठीमागे लपली. पुण्याचं अप्पांना माहीत होतं. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही नव्हतं.

सरांच्या तक्त्याला इंग्रजी नाव होतं. मराठीत काय लिहावं, म्हणून ती बराच वेळ अडली. शेवटी तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'साधनांची यादी'. कॅलेंडर उघडून लग्नाचा मुहूर्त पाहिला आणि खाली घातली सोळा मे. तारीख खरी पाहिजे, असं सरांनी बजावलं होतं ना.

"अप्पा, पाच सह्या लागतात मला," ती शुक्रवारी म्हणाली.

"पाच?" अप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "तू नको काळजी करू. रविवारी बसवतो की पाच माणसं."

रविवारी सकाळी ती प्रिंट काढून आली. अप्पांनी हात धुतले, कपाळाला विभूती लावली, मग कागद हातात घेतला. अव्वाने कुंकवाची कोयरी पुढे केली. अप्पांनी चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि सावकाश, शाळेतल्या मुलासारखी सही केली.

"अहो अप्पा, सरांना द्यायचाय तो! कुंकू काय लावताय?" रुद्राणी हसली.

"शुभ कागद हाय. मोकळा द्यायचा नसतो," अप्पा म्हणाले, आणि तेही हसले.

अकरा वाजता दारात चपला वाजल्या. आधी सिद्धप्पामामा. त्यांच्या मागून पांढरी टोपी घातलेले नागप्पा आणि त्यांच्याकडची दोन वडीलधारी माणसं. अव्वाने रुद्राणीला आत ओढलं आणि हातात सरबताचा ट्रे दिला. तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला.

"बघा नागप्पाअण्णा, यादी कशी केलीया पोरीनं! असली यादी आजवर कुणाच्यात झाली न्हाय."

यादी. तो शब्द बाहेरून आला तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकू आला. इतके दिवस तो तिच्या कागदावर होता, पण तो तिचा शब्द नव्हताच. तो या घरांचा होता. दोन्हीकडची माणसं बसतात, कुणी काय करायचं ते लिहितात, कागदाला कुंकू लावतात, पाच जण सह्या करतात. मग म्हणतात, याद्या झाल्या. याद्या झाल्या की लग्न झालंच, फक्त अक्षता टाकायच्या राहतात. चुलतबहिणीच्या वेळी रुद्राणीनेच त्या बैठकीत पेढे वाटले होते. आणि इतकं असून तिने स्वतःच्या हाताने, टाइप करून, तारखेसकट यादी केली होती.

"अव्वा, ते कॉलेजचं आहे," ती कशीबशी म्हणाली. "लग्नाची यादी नाही ती."

अव्वा म्हणाली, "असं काय म्हणतीस? गहू तू विचारलास. कार्यालय तू विचारलंस. तारीख तू घातलीस. पाच सह्या तू मागितल्यास. मग आमी काय समजायचं गं?"

"सरांनी सांगितलं होतं..."

"तुझे अप्पा म्हणाले, पोरगी तोंडानं सांगायला लाजती, म्हणून कागदावर सांगितलं तिनं. आज चार दिवस झाले, माणूस एकटाच हसतोय." अव्वाने पदराने तिचा घाम टिपला. "चल आता. माणसं खोळंबलीत."

कुणी दरडावलं असतं तर रुद्राणीला ओरडता आलं असतं. कुणी कोंडलं असतं तर दार वाजवता आलं असतं. इथे सगळे तिच्यावर खूश होते. घराची दारं सताड उघडी होती, आणि तिला श्वास घ्यायला जागा नव्हती.

ती बाहेर आली. सरबत दिलं. नागप्पा भले दिसत होते, त्यांनी ग्लास घेताना नमस्कार म्हणून "शरणु" म्हटलं. कागदावर तोवर आणखी चार सह्या झाल्या होत्या.

"रीतीपरमाणं यादी वाचून दाखवायची असती," नागप्पा म्हणाले. "तूच वाच, पोरी. तूच केलीयास."

ती उभी राहून वाचू लागली. खपली गहू, गूळ, तूप. आचारी सहा, वाढपी वीस. कार्यालय दोन दिवस. जंगमस्वामी. मांडव, वाजंत्री, पाण्याचे जार. कोण कुठल्या तारखेला काय आणणार, कुणाकडे काय. आवाज तिचा होता, आणि तो थांबत नव्हता. सोळा मे आला तेव्हा मामांनी मांडीवर थाप मारली. अप्पा खाली बघून हसत होते. एवढे सुखी अप्पा तिने फक्त एकदा पाहिले होते, तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा.

"झालं," ती म्हणाली.

"काय राहिलंय का बघा," नागप्पांनी सगळ्यांना विचारलं. हेही रीतीप्रमाणेच.

"राहिलंय," रुद्राणी म्हणाली. "नवरी राहिली."

सगळे खो खो हसले. "अगं, नवरी यादीत नसती," नागप्पा डोळे पुसत म्हणाले. "यादी सामानाची असती."

"सह्यांत पण नाही ती."

अप्पा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला होता की तिला वर बघवेना. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. "तुला सही करायचीया व्हय? कर की. सहावी सही. आमच्यात पैलीच पोरगी तू."

पेन तिच्या हातात आलं. सही करायला दोन सेकंद पुरतात. केली की अप्पा हसत राहतील, मामा पेढ्याचा पुडा सोडतील, अव्वा दृष्ट काढेल. पुण्याला कळवून टाकायचं, येत नाही. कुणालाही काही कळणार नाही. तिने आयुष्यभर हेच केलं होतं, समोर ठेवलेल्या कागदावर सांगितलेलं लिहिलं होतं.

"अप्पा, मी ही वीस मार्कांसाठी केली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मामांनी "काय म्हणती?" असं विचारलं. "तारीख सरांनी घालायला सांगितली म्हणून घातली. मला दोन जूनला पुण्याला जायचंय. मी सही करणार नाही."



अप्पांचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, नुसतं.

"सरांनी सांगितली म्हणून घातलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यासाठी घातलीस."

रुद्राणीला रडू फुटलं. ती काही बोलणार, तोच मामांनी कागद उचलला. "अहो, पोरीचं काय ऐकताय! पाच सह्या झाल्यात. यादी झाली. नवरीची सही आमच्यात लागतच न्हाय."

"ते बी खरंच हाय," नागप्पांच्या बाजूचा म्हातारा म्हणाला.

आणि खरंच होतं ते. तिच्या नाही म्हणण्याने कागदावरचं एक अक्षरही हललं नव्हतं. सोळा मे तिथेच होता, कुंकू तिथेच होतं, पाच सह्या तिथेच होत्या. एवढं बळ गोळा करून ती बोलली, आणि तिच्या बोलण्याची यादीला गरजच नव्हती.

अप्पांनी मामांच्या हातातून कागद घेतला. रुद्राणीच्या बोटांतून पेन घेतलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्वतःची सही शोधली आणि तिच्यावरून एक आडवी रेघ ओढली. मग दुसरी.

"गुरुशांतअण्णा!" नागप्पा उभेच राहिले. "कुंकवाचा कागद हाय. असं कुणी करतं का?"

"यादी पोरीची हाय," अप्पा म्हणाले. "तिचीच सही न्हाय, तर माझी कशाला?"

त्यांनी नागप्पांना हात जोडले, चूक झाली, पदरात घ्या म्हणाले. मग चपला घातल्या आणि बाहेर पडले. दुकानाच्या दिशेने. रविवारी यार्डात कुत्रंही नसतं.

पाहुणे गेले. सिद्धप्पामामा जाताना कानडीत बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. रुद्राणी तशीच बसून राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते एवढंच की, ज्या माणसाने सोडवलं तो एकटा उन्हातून चाललाय.

अव्वाने ग्लास गोळा केले. उरलेलं सरबत तुळशीत ओतलं. मग खुंटीकडे बघून म्हणाली, "दुकानाची किल्ली हितंच राहिलीया की गं त्यांची."

रुद्राणीने किल्ली काढून घेतली आणि ती पळत निघाली. यार्डाच्या बंद शटरपुढे अप्पा उभे असतील, हे तिला माहीत होतं. तिथे पोचल्यावर काय बोलायचं, हे माहीत नव्हतं.