आधी खाकरा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे आणि माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलणारा पडदा हवा असेल तर समोरच्या खिडकीत बघा, तिथे फुलाफुलांचा एक लटकलेला आहे. मी विटकरी रंगाचा, जाड, आतून अस्तर लावलेला. आयुष्यभर मी एकच काम केलं. माणूस कपडे बदलत असला की त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभा राहिलो.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुकानाच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायची कपाटाएवढी जागा होती. तिला दार नव्हतं, नुसता एक पातळ पडदा होता. एकदा गणवेश घालून बघायला आलेली मुलगी आतून रडतच बाहेर आली. मागच्या दिव्यामुळे तिची सावली पडद्यावर पडली होती आणि बाकावरची पोरं फिदीफिदी हसली होती. मास्तरांनी त्याच दिवशी तो पडदा फाडून त्याची फडकी केली आणि मला शिवायला घेतलं. दुहेरी शिवण घातली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तळाच्या दुमडीत जुनी बटणं भरली. अजूनही मला कुणी हात लावला की ती खुळखुळतात.

दुकानात नियम एकच होता. पडद्यापाशी आलात की आधी खाकरायचं. आतून 'हं' आलं तरच पडदा सरकवायचा, नाहीतर गुपचूप उभं राहायचं. एका बड्या गिऱ्हाइकाने न खाकरता मला ओढलं, तेव्हा मास्तरांनी त्याचा अर्धा शिवलेला कोट त्याच्या हातात ठेवला. "उरलेला दुसरीकडे शिवून घ्या, साहेब. इथे आत माणूस असतो."

मास्तरांच्या मुलालाही सूट नव्हती. लहानपणी त्याने गंमत म्हणून मला सर्रकन बाजूला केलं. आत एक जाडजूड गृहस्थ नव्या पँटमध्ये अडकलेले! सगळं दुकान हसलं, मास्तर हसले नाहीत. त्यांनी पोराला माझ्यासमोर उभं केलं आणि आतून 'हं' येईपर्यंत खाकरायला लावलं. त्या गृहस्थांनीही त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. काजं-बटणं करणारी मास्तरांची धाकटी बहीण हसू दाबत सुईत दोरा ओवत राहिली.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली आणि आमचं गिऱ्हाईक आटलं. दुकान बंद झालं. मास्तरांनी मशीन घरी आणलं, आपल्या खोलीत ठेवलं आणि मला घडी करून त्यावर टाकलं. धूळ खात पडलो, पण मालकाच्या नजरेसमोर होतो, म्हणून तक्रार केली नाही.

मग मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा बसली. एका दुपारी घरात कुणी नसताना ते पलंगावरून पडले आणि मुलगा कामावरून येईपर्यंत तसेच जमिनीवर राहिले. मुलगा घाबरला. घाबरलेला माणूस विचार करत नाही, खरेदी करतो. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर तो आला.

तो म्हणजे कॅमेरा. पांढरा, अंड्याएवढा, एक डोळा आणि त्याखाली लाल ठिपका. लेकाच्याला पापणीच नाही! दिवसभर टक लावून बघायचा, वर मान फिरवून कोपरेही धुंडाळायचा. सकाळी अंग पुसायला एक माणूस येई. तो मास्तरांचे कपडे काढी, आणि हा निर्लज्ज सगळं बघून मुलाच्या फोनवर पाठवी. मधूनच भिंतीतून मुलाचा आवाज गरजे, "बाबा, पाणी प्या!" मास्तर असे दचकत की पलंग हले. ज्या माणसाने परक्या पोरीची सावलीसुद्धा झाकली, त्याला सून-मुलाच्या फोनवर उघडं पडून राहायची वेळ आली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पण घडी केलेला पडदा काय करणार?

मास्तर डाव्या हाताने मशीनकडे बोट दाखवू लागले. रोज दाखवत, पुन्हा पुन्हा दाखवत. मुलगा म्हणाला, "बाबांचा जीव अजून मशीनमध्ये अडकलाय!" अरे शहाण्या, मशीनवर काय ठेवलंय ते बघ की! त्याने मशीन पुसलं, तेल घातलं, पलंगाजवळ आणलं, आणि मला खाली फेकलं. मी पायपुसणं झालो. एवढं करून त्याने कॅमेऱ्यातला व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वडील बोट दाखवताहेत, डोळ्यांत पाणी, कमरेला नुसता टॉवेल. खाली लिहिलं, 'कामावरचं प्रेम!' मास्तरांनी त्या दिवसापासून कॅमेऱ्याकडे पाठ करून पलीकडच्या भिंतीकडे तोंड केलं. चमचा पुढे आला की ओठ घट्ट मिटत.

तो व्हिडिओ बघून बहीण आली. तीच काजं-बटणंवाली, मुलाची आत्या. खोलीच्या दाराशी थांबली आणि खाकरली.

आतून आवाज आला, "हं."

सून स्वयंपाकघरातून धावत आली. सगळे म्हणत होते, वाचा गेली. कशाची गेली? इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मास्तरांनी डावा हात उचलून जमिनीकडे केला. आत्याबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला झटकलं, पलंगाच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये दोरी बांधली, आणि मी पुन्हा उभा राहिलो. मित्रांनो, इतक्या वर्षांनी! बघ म्हटलं त्या एकडोळ्याला, किती बघायचं ते बघ. माझी पाठ बघ.

लगेच भिंत ओरडली, "हे काय लावलंय? आत्या, तू? काढ ते, मला बाबा दिसत नाहीयेत!"

"आधी खाकर," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"खाकर म्हणते. दुकानात शिकला होतास ना?"

"आत्या, ते पडले होते! पुन्हा पडले तर?"

"एकदा पडले म्हणून रोज उघडं ठेवायचं? मी राहायला आलेय. त्यांच्या डाव्या हाताशी घंटा बांधते. आणि तो व्हिडिओ आधी पुसून टाक. माझ्या भावाला तुझ्या चुलत सासऱ्यांनीसुद्धा पाहिलंय."

पलीकडे मुलाने खट्कन फोन ठेवला.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो तणतणतच. बूट न काढता सरळ खोलीत शिरला आणि त्याने मला मुठीत धरलं. तळातली बटणं खुळखुळली. तो जागच्या जागी थांबला. मूठ सैल झाली. त्याने मान खाली घातली आणि तो खाकरला.

आतून काही आलं नाही.

तो पुन्हा खाकरला. काही नाही. आतलं मला दिसत होतं. मास्तर उशीला टेकून बसले होते, अंगात धुतलेला सदरा होता आणि ते डाव्या हाताने बटण लावत होते. बटण काजातून निसटे, ते पुन्हा धरत. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या, पण मदतीला हात पुढे करत नव्हत्या. बाहेर मुलगा खांद्यावरच्या बॅगेसह उभा होता, त्याचं नाक लाल झालं होतं. शेवटचं बटण लागलं. मास्तरांनी कॉलर सारखी केली.

"हं," ते म्हणाले.

मुलगा आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. त्या रात्री मास्तर त्याच्या हातून जेवले.

कॅमेरा आता बाहेरच्या दारावर आहे. बसू दे तिथे चोरांची वाट बघत. व्हिडिओ मुलाने आपल्या फोनमधून पुसला. बाकीच्यांच्या फोनमधून कोण पुसणार? म्हणून माझा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

मित्रांनो, कुणाची काळजी वाटत असेल तर जरूर घ्या, पण त्याला विचारून घ्या. आजारी माणूस, म्हातारा माणूस, तुमच्याएवढं लहान मूल, सगळ्यांना पडदा लागतो. आधी खाकरा. आणि आतून काहीच आलं नाही, तर दार ढकलू नका. आत कुणीतरी बटण लावत असेल.